खाली झुकलेल्या नजरा : अमृता शेरगिलची माणसे आणि तिची माती

आपल्या त्रैमासिकात कविता, कथा, धर्मचिंतन आणि समाजाच्या प्रश्नांवरील लेख नेमाने येतात. चित्रकलेविषयी मात्र क्वचितच काही छापले जाते. वेदीमागील चित्रे आणि घरातल्या ओट्यावरची पवित्र हृदयाची तसबीर ह्यांपलीकडे चित्र म्हणून चित्र पाहण्याची सवय आपल्या कुटुंबांत फारशी रुजली नाही, हे त्याचे एक कारण असावे. प्रस्तुत लेखकही त्याला अपवाद नव्हता. सेमिनरीत आम्हांला तत्त्वज्ञान शिकवले गेले, ईशज्ञान शिकवले गेले, प्रवचन कसे करावे हेही शिकवले गेले. चित्रासमोर उभे कसे राहावे हे कोणी शिकवले नाही, आणि त्याबद्दल आम्ही कधी तक्रारही केली नाही.

अमृता शेरगिल हे नाव मला प्रथम भेटले ते पोस्टाच्या तिकिटावर. १९७८ साली आपल्या टपाल खात्याने आधुनिक भारतीय चित्रांची काही तिकिटे काढली होती. त्यांतल्या एकावर तिच्या ‘पहाडी स्त्रिया’ होत्या. मी तेव्हा तिकिटे जमवणारा शाळकरी मुलगा होतो. ते तिकीट वहीत चिकटवताना त्या बायका इतक्या उदास का, असा प्रश्न मला पडला नाही. गरीब बायका उदासच असणार, हे मी धरूनच चाललो होतो.

हे धरून चालणे पुढे बरीच वर्षे टिकले. त्याला पहिला तडा गेला तो मुरबाड तालुक्यातल्या आमच्या केंद्रात. एका हितचिंतकाने पाठवलेल्या दिनदर्शिकेवर शेरगिलचे ‘तीन मुली’ हे चित्र छापले होते आणि मी ते कार्यालयाच्या भिंतीवर लावले होते. नातवाच्या शाळाप्रवेशाच्या कागदांसाठी पाड्यावरून एक ठाकर आजी आली होती. मी कागद शोधीत असताना ती चित्राकडे पाहत होती. थोड्या वेळाने तिने विचारले, “फादर, ह्या पोरी गप का बसल्यात? कोनी रागावला का त्यांना?”

मी म्हणालो, “आजी, त्या गरीब आहेत. दुःखात आहेत.”

आजीने पुन्हा चित्र न्याहाळले आणि म्हणाली, “कापडं तर चांगली हायेत.”

ह्या एका वाक्याने मला हा लेख लिहावयास लावले असे म्हटले तर ते खोटे ठरणार नाही. कारण नंतर वाचताना कळले की आजीचे बरोबर होते. ह्या चित्रासाठी ज्या मुली बसल्या होत्या त्या कोणा मजुराच्या लेकी नव्हत्या. त्या अमृताच्या नात्यातल्या, मजिठिया ह्या शीख सरदार घराण्यातल्या पुतण्या-भाच्या होत्या. त्यांचे मौन खरे असेल. सरदारांच्या घरांतही मुलींना विचारून काही ठरवले जात नसे. परंतु त्यांच्या मौनाला ‘दारिद्र्य’ हे नाव आपण दिले. ते का दिले, आणि ते देण्यात चित्रकर्तीचा वाटा किती व आपला किती, हा माझ्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम तिच्या आयुष्याची ओळख थोडक्यात करून द्यावयास हवी. अमृताचा जन्म ३० जानेवारी १९१३ रोजी बुडापेस्टला झाला. वडील उमरावसिंह संस्कृत-फारसीचे व्यासंगी आणि छायाचित्रणाचे वेडे. आई मारी आंत्वानेत हंगेरियन, संगीताची जाणकार. पहिले महायुद्ध हंगेरीतच काढून हे कुटुंब १९२१ मध्ये भारतात आले आणि सिमल्याला राहिले. १९२९ मध्ये मुलीच्या चित्रशिक्षणासाठी सारे पॅरिसला गेले. १९३४ च्या अखेरीस अमृता भारतात परतली आणि ५ डिसेंबर १९४१ रोजी लाहोरला मरण पावली. वयाची २९ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. भारतात परतल्यापासून मृत्यूपर्यंत तिला जेमतेम सात वर्षे मिळाली, आणि त्यांतलेही एक वर्ष पुन्हा हंगेरीत गेले.

आपल्या वाचकांपैकी काहींना ठाऊक असेल की बालपणी तिचा स्नानसंस्कार कॅथलिक पद्धतीने झाला होता. म्हणून तिला ‘आपली’ म्हणण्याचा मोह होतो. मी तो आवरावा असे म्हणेन. १९२४ मध्ये आईने तिला फ्लॉरेन्समधील एका कॅथलिक शाळेत घातले. तिथल्या शिस्तीने ती इतकी कंटाळली की काही महिन्यांतच परत आली. सिमल्याच्या कॉन्व्हेंटमधून, ‘मी देव मानत नाही’ असे उघड म्हटल्यामुळे, तिला काढून टाकण्यात आले असे तिचे चरित्रकार सांगतात. आम्हां धर्मगुरूंना ही हकिकत वाचताना थोडे अवघडल्यासारखे होते, आणि तसे व्हावयास हरकत नाही. अकरा-बारा वर्षांच्या मुलीला आपल्या संस्थांच्या भिंती काय म्हणत होत्या हे कळण्याचे साधन आपल्यापाशी आता तिची चित्रेच आहेत. भक्तीने चित्रे काढणारी स्त्री हवी असेल तर मुंबईच्या अँजेला त्रिंदाद (१९०९–१९८०) आहेत. ख्यातनाम चित्रकार आंतोनियो शावियेर त्रिंदाद ह्यांच्या त्या कन्या. त्यांनी पवित्र मरियेला भारतीय रूप दिले. त्यांच्यावर स्वतंत्र लेख व्हावयास हवा. परंतु त्या पाड्यावरच्या आजीने प्रश्न विचारला तो शेरगिलच्या मुलींविषयी.

पॅरिसच्या काळातली तिची व्यक्तिचित्रे पाहिली की पहिली गोष्ट लक्षात येते ती तिची तयारी. एकोल दे बोझारमध्ये ल्युसियँ सिमाँ ह्यांच्या हाताखाली ती शिकली. १९३२ मधल्या ‘तरुण मुली’ ह्या चित्राला पुढच्या वर्षी पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले. तेव्हा ती वीस वर्षांची होती. त्वचेवर पडलेला उजेड, कापडाचे वजन, खुर्चीत रेललेल्या देहाचा भार, हे सारे तिला येत होते. पण मला ह्या काळातली दोनच प्रकारची चित्रे महत्त्वाची वाटतात.

एक म्हणजे तिने स्वतःची काढलेली चित्रे. ती बरीच आहेत. कुठे ती हसते आहे, कुठे गर्वाने पाहते आहे, कुठे खिन्न आहे, कुठे नुसतीच नटली आहे. स्वतःच्या मनाचे सगळे ऋतू तिने स्वतःला बहाल केले. हे लक्षात ठेवावे. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

दुसरे म्हणजे १९३३ चे ‘धंदेवाईक मॉडेल’. ह्या चित्राचा विषय काही वाचकांना अवघड वाटेल, कारण ती स्त्री विवस्त्र आहे. पण त्यात मोहाला जागाच नाही. पोटासाठी चित्रशाळांतून तासन्‌तास बसणारी, उतरत्या वयाची, आजाराने खंगलेली ती बाई आहे. चित्रशाळेत सर्वांनी जिला नुसता आकार म्हणून पाहिले, तिला वीस वर्षांच्या ह्या मुलीने थकलेले माणूस म्हणून पाहिले. तिला सुंदर केले नाही आणि केविलवाणीही केले नाही. करुणेचे ह्याहून सच्चे चित्र मी तरी फार पाहिलेले नाही.

आता भारतातले पहिले वर्ष, १९३५. ‘पहाडी पुरुष’, ‘पहाडी स्त्रिया’, ‘भारतमाता’, ‘तीन मुली’ ही त्या वर्षातली चित्रे. ह्याच चित्रांनी तिचे नाव झाले. ‘तीन मुली’ला मुंबईच्या बॉम्बे आर्ट सोसायटीने १९३७ मध्ये सुवर्णपदक दिले, आणि आजही शेरगिल म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हेच चित्र येते. दिल्लीच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ते आहे. एका सभेनिमित्त दिल्लीला गेलो असता मी ते प्रत्यक्ष पाहिले. दिनदर्शिकेवर ते जितके गोड दिसते तितके ते नाही. रंग मोठ्या सपाट पट्ट्यांत लावले आहेत; मागे काहीच नाही, ना घर ना झाड. तिघी जवळजवळ बसल्या आहेत, पण एकमेकींकडे पाहत नाहीत. हात स्वस्थ, नजरा खाली. चित्र बळकट आहे ह्यात शंका नाही. रंगांची अशी निर्भय मांडणी त्या काळी आपल्याकडे फार थोड्यांना जमत होती.

तरीही ह्या वर्षीच्या चित्रांविषयी माझी तक्रार आहे. भारतात परतताना इथल्या गरिबांचे मूक सहनशील जीवन रंगवावे असे तिने ठरवले होते, आणि तसे तिने लिहूनही ठेवले आहे. म्हणजे माणसे भेटण्यापूर्वीच त्यांचे दुःख ठरले होते. मग पहाडावरचा मजूर असो की आपल्याच घराण्यातली भाची, प्रत्येकाला तेच मौन मिळाले. जी स्वतःला हसताना, रुसताना, मिरवताना रंगवते, तिने ह्या सगळ्यांना मिळून एकच मनःस्थिती द्यावी? पॅरिसच्या त्या थकलेल्या बाईचा चेहरा तिचा एकटीचा होता. ‘पहाडी स्त्रियां’चे चेहरे एकमेकींत मिसळतात. त्या सुंदर आहेत, लांबसडक आहेत, मंदिराच्या खांबांसारख्या उभ्या आहेत. पण खांब काही बोलत नाहीत.

हे मी कठोरपणे लिहितो आहे ह्याला कारण आहे, आणि ते कबूल केले पाहिजे. आमच्या केंद्राच्या कामासाठी देणगीदारांना दरवर्षी पत्र जाते. आमच्या शेजारच्या शहापूर तालुक्यात भातसा आणि तानसा ही धरणे आहेत. त्यांचे पाणी मुंबईला जाते, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत बायका टँकरची वाट पाहतात. एका वर्षी पत्रासाठी मला छायाचित्र हवे होते. तीन बायका डोईवर हंडे घेऊन चढण चढत येत होत्या. त्यांतली एक सासूची काहीतरी गंमत सांगत होती आणि दुसऱ्या दोघी इतक्या हसत होत्या की हंड्यातले पाणी हिंदकळत होते. मी कॅमेरा काढला आणि म्हणालो, “बायांनो, जरा शांत उभ्या राहा.” त्या शांत उभ्या राहिल्या. कॅमेऱ्यासमोर परके माणूस जसे संकोचते तशी त्यांनी मान खाली घातली. छायाचित्र फार परिणामकारक आले. त्या वर्षी देणग्याही चांगल्या आल्या.

आजीच्या प्रश्नानंतर ते छायाचित्र मी पुन्हा काढून पाहिले. तीन बायका, तीन खाली झुकलेल्या नजरा. त्यांना गप्प कोणी बसवले होते ते मला माहीत होते.

शेरगिलला मात्र ह्या वाटेवर फार काळ राहावे लागले नाही, आणि त्याचे श्रेय आपल्या महाराष्ट्रातल्या एका डोंगराला जाते. १९३६ च्या अखेरीस ती मुंबईला आली. ताजमहाल हॉटेलात तिच्या चित्रांचे प्रदर्शन झाले. तिथेच कार्ल खंडालावाला ह्या पारशी वकिलाची आणि कलामर्मज्ञाची ओळख झाली. त्यांनी तिला पहाडी आणि राजस्थानी लघुचित्रांची गोडी लावली. मुंबईहून ती वेरूळ-अजिंठ्याला गेली. अजिंठ्याने ती हादरून गेली. तिथल्या एका लहानशा भित्तिचित्रापुढे युरोपातले सारे प्रबोधनकालीन वैभव फिके आहे, अशा आशयाचे तिने पूर्वीच लिहिले होते. हे अर्थातच तरुणपणाचे बोलणे झाले. मायकेलँजेलोला सोडून द्यावयास मी तयार नाही. पण तिला नेमके काय सापडले, हे पाहण्यासारखे आहे.

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात गाभाऱ्याच्या दाराशेजारी पद्मपाणी बोधिसत्त्व आहे. इसवी सनाच्या पाचव्या शतकातले ते चित्र. हातात कमळ, मान किंचित कललेली, आणि नजर खाली. शेरगिलच्या मुलींची नजर खाली आणि पद्मपाणीचीही खाली. पण दोहोंत केवढे अंतर! मुलींची नजर आपल्याला चुकवते. पद्मपाणीची नजर खाली आहे कारण ज्यांच्याकडे तो पाहतो ते त्याच्यापाशी, खाली, गर्दीत उभे आहेत. भोवती माणसे, माकडे, मोर, झाडे ह्यांचा एकच दाटीवाटीचा व्यवहार चालू आहे आणि तो त्यांच्या मधोमध आहे. आपल्या देवळांतल्या पवित्र मरियेच्या मूर्तीचीही नजर अशीच खाली असते. ती नम्रता आहे असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण वेदीच्या पायथ्याशी गुडघे टेकून वर पाहिले तर कळते की ती आपल्याकडे पाहत असते.

अजिंठ्यात आणखी एक गोष्ट आहे. तिथे माणूस एकटा नसतो. एकाची मान दुसऱ्याकडे वळते, दुसऱ्याचा हात तिसऱ्याच्या खांद्याकडे जातो. झाड, खांब, भिंत हीसुद्धा त्या हालचालीत सामील असतात. पार्श्वभूमी म्हणून वेगळे काही उरत नाही. सतराव्या लेण्यात आरशात पाहून नटणारी एक राजस्त्री आणि तिच्या दासी आहेत. अजिंठ्यानंतर शेरगिल दक्षिणेत कन्याकुमारी, कोचीनपर्यंत हिंडली. मट्टनचेरीच्या राजवाड्यातली भित्तिचित्रे तिने पाहिली. परतल्यावर १९३७ मध्ये ‘वधूचा शृंगार’, ‘ब्रह्मचारी’ आणि ‘बाजाराला निघालेले दक्षिणेतील खेडूत’ ही तीन मोठी चित्रे केली. ‘वधूचा शृंगार’ पाहताना सतराव्या लेण्याची आठवण आल्यावाचून राहत नाही. मधोमध उजळ कांतीची वधू, मेंदीने रंगलेले तळवे, वेणी घालणाऱ्या सावळ्या बाया, जवळ मुले. उदासी अजूनही आहे, पण आता हातांना काम आहे. ‘ब्रह्मचारी’त पाच बटू जमिनीवर बसले आहेत. पांढरे धोतर, गळ्यात जानवे. त्या एका पांढऱ्यात तिने किती छटा शोधल्या आहेत! आणि हे पाच जण पाच आहेत. एक दुसऱ्यासारखा नाही. ‘खेडूत’ हे तिसरे चित्र मला तेवढे पटत नाही. त्यात अजून कोरीव शिल्पाची मिरवणूक आहे.

ह्यानंतरची चित्रे आकाराने लहान होत गेली, आणि माझ्या मते तिथेच ती मोठी झाली. १९३८ मध्ये तिने हंगेरीत व्हिक्टर एगान ह्या डॉक्टरशी विवाह केला. त्या वर्षीचे ‘हंगेरियन बाजार’ हे चित्र आपल्या वाचकांनी मुद्दाम पाहावे. मागे गावाचे चर्च, पुढे काळ्या कपड्यांतली गावकरी माणसे, त्यांचा साधा बाजार. चर्चविषयी तिच्या मनात राग असला तरी चित्रात तो नाही. जसे झाड असावे, जशी भिंत असावी, तसे ते चर्च गावात उभे आहे. मला ते पाहून दिलासा वाटला.

१९३९ मध्ये दोघे भारतात परतली आणि गोरखपूरजवळच्या सरायाला, तिच्या घराण्याच्या साखर कारखान्याच्या मालमत्तेवर राहिली. त्या ठिकाणी आणि त्या सुमारास केलेली ‘गावातील दृश्य’, ‘स्त्रियांच्या अंगणात’, ‘हिरव्या तळ्यात डुंबणारे हत्ती’, ‘हळद कांडणाऱ्या’, ‘वृद्ध कथेकरी’ ही चित्रे म्हटली तर निसर्गचित्रे आहेत, म्हटली तर माणसांची. सिमल्याला इतकी वर्षे राहूनही पर्यटकांच्या आवडीचा हिमशिखरांचा हिमालय तिच्या गाजलेल्या चित्रांत नाही. तिचा निसर्ग म्हणजे माणसे जिथे बसतात ती जागा : अंगण, झाडाखालची सावली, तळ्याचा काठ, घराची भिंत.

‘हळद कांडणाऱ्या’ (१९४०) घ्या. झाडांचे गडद बुंधे उभे आहेत, त्यांच्यामध्ये बाया कामाला बसल्या आहेत. चेहरे जवळजवळ नाहीतच. नाक-डोळे काढण्याची तिला आता गरज वाटत नाही. वाकलेली पाठ आणि रंगीत कापडाचा ठिपका ह्यावरून बाई ओळखू येते. १९३५ मध्ये चेहरे होते, पण माणसे हरवली होती. इथे चेहरे गेले आणि माणसे आली. का? कारण त्या आता कोणासाठी बसलेल्या नाहीत. आपण आलो काय, न आलो काय, त्यांची हळद कांडून व्हायची आहे. ‘वृद्ध कथेकरी’तही तसेच. म्हातारा गोष्ट सांगतो आहे आणि ज्यांना ऐकायची आहे ते ऐकत आहेत. आपण दाराशी उभे, उशिरा आलेले.

मुरबाड-शहापूरकडे राहणाऱ्याला ही चित्रे ओळखीची वाटतील. उन्हाळ्यात इथल्या शेतांत राब भाजतात. लालसर मातीवर काळे चौकोन दिसू लागतात, आणि त्यांच्या कडेला एखादी बाई पाचोळा सारखा करीत वाकलेली असते. दूर माहुलीचे सुळके, पण त्यांकडे तिचे लक्ष नसते. शहरातून येणारे पाहुणे माळशेज घाटात धुके पाहण्यासाठी थांबतात. शेरगिल थांबली असती तर राबाच्या कडेला थांबली असती, असे मला वाटते. पौषातल्या म्हशाच्या यात्रेत, गुरांच्या बाजारात आणि घोंगड्यांच्या ढिगांपाशी तिला तिचे सारे रंग मिळाले असते.

इथे एक आक्षेप येईल. साखर कारखानदारांच्या घरातली ही मुलगी, आपल्याच मालमत्तेवरच्या नोकरमाणसांना सावलीत बसवून सुंदर रंगांत रंगवते. त्यांच्या घामाचे, मजुरीचे काय? आक्षेप खरा आहे. तिच्या सरायाच्या चित्रांत मालक नाही, मुकादम नाही. दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघणाऱ्या कातकरी कुटुंबाची उचल आणि तिचा हिशोब ज्याने पाहिला आहे त्याला ही उणीव जाणवतेच. ती मी झाकणार नाही. परंतु पहिल्या चित्रांत दारिद्र्य होते असे आपण समजलो ते तरी कुठे होते? तिथे दारिद्र्याची खिन्नता होती, कारण नव्हते. नंतरच्या चित्रांत निदान त्या माणसांचा दिवस त्यांच्या हाती आहे.

शेरगिलचा हा वारसा आपल्याकडे कोणी चालवला ह्याचा विचार करताना बी. प्रभा ह्यांचे नाव घ्यावे लागते. १९३३ मध्ये नागपूरजवळच्या बेला गावी जन्मलेल्या प्रभा मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकल्या, शिल्पकार बी. विठ्ठल ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि २००१ मध्ये त्या निवर्तल्या. एअर इंडियाने १९५६ मध्ये आपला कलासंग्रह सुरू केला तो त्यांच्या सहा चित्रांनी. एकेकाला ८७ रुपये ५० पैसे दिले, असे सांगतात. शेरगिलची छाया त्यांच्यावर स्पष्ट आहे. त्यांच्या कोळणी प्रसिद्ध आहेत : लांब माना, लांब हात, टोपली, आणि सारे चित्र एकाच रंगाच्या अंमलाखाली, कधी निळे, कधी तपकिरी. स्त्रीचे दुःख आपल्याला रंगवायचे आहे असे त्यांनी म्हटले होते, आणि त्यांच्या मनाचा प्रामाणिकपणा चित्रांत दिसतो. तरीही उत्तन-अर्नाळ्याच्या वाचकांना मी विचारतो : इतकी गप्प कोळीण तुम्ही पाहिली आहे काय? मासळीबाजारात जिने भावावरून तुमची तीन पिढ्यांची चौकशी केली नाही, ती कोळीण कसली? तिच्या डोळ्यांत दुःख असते हे खरे. समुद्रावर गेलेल्या माणसाची काळजी घरोघर असते. पण ते दुःख बोलते, भांडते, सणाला नाचते. प्रभांनी शेरगिलकडून १९३५ चा धडा घेतला, १९४० चा नाही, असे माझे मत आहे. चित्रकलेचे जाणकार ह्यावर माझ्याशी वाद घालतील. घालावा.

आज शेरगिलच्या चित्रांची चर्चा बहुधा पैशांच्या आकड्यांनी होते. १९३७ चे ‘कथेकरी’ (वर उल्लेखलेल्या १९४० च्या चित्राहून हे वेगळे) २०२३ मध्ये दिल्लीतल्या लिलावात ६१ कोटी ८० लाख रुपयांना गेले. त्या वेळेपर्यंत कोणत्याही भारतीय चित्राला इतकी किंमत आली नव्हती. तिची चित्रे १९७६ पासून राष्ट्रीय ठेवा मानली जातात आणि भारतात असलेली तिची चित्रे देशाबाहेर नेता येत नाहीत. हे चांगलेच आहे. त्यापलीकडे त्या आकड्यांत मला सांगण्यासारखे काही दिसत नाही.

सांगण्यासारखे आहे ते तिचे शेवटचे चित्र. सप्टेंबर १९४१ मध्ये ती लाहोरला राहावयास गेली. डिसेंबरमध्ये तिथे तिचे प्रदर्शन भरावयाचे होते. त्याआधीच थोड्या दिवसांच्या आजाराने ती गेली. घोडीवर एक चित्र अपुरे राहिले होते. घरातून दिसणारे शेजारचे गवळ्यांचे आवार, काळ्या म्हशी, घरांच्या भिंती. कोणी उदास नाही, कोणी नटलेले नाही. कोणी आपल्याकडे पाहत नाही, की नजर चुकवीत नाही. म्हशी आपल्या आहेत त्या जागी आहेत. रंग कुठे पातळ, कुठे नुसता आखलेला. पुढे ती काय करणार होती ह्याविषयी पुष्कळांनी तर्क केले आहेत. मला त्या म्हशी पुरेशा वाटतात.

दिनदर्शिका जुनी झाली तेव्हा ‘तीन मुली’ भिंतीवरून उतरल्या. त्या जागी मी एका पुस्तकातून घेतलेली ‘हळद कांडणाऱ्या’ची छापील प्रत लावली आहे. आजी परत आली तेव्हा मी तिला ती दाखवली. तिने बराच वेळ पाहिले आणि विचारले की ह्या बायकांचे लग्नघर कुठे आहे. इतक्या जणी हळदीला बसल्या म्हणजे लग्न मोठे असणार. मी म्हणालो, माहीत नाही. ती म्हणाली, “आयकू येत नाय, पन गानी चालली असतील.”

ह्या वर्षीच्या पत्रात मी दुसरे छायाचित्र घातले. चढणीवर त्याच बायका, हंडे घेतलेल्या. एकीची आपल्याकडे पाठ आहे, दुसरीचे तोंड बोलताना उघडे आहे, तिसरी हसता हसता हलल्यामुळे थोडी अस्पष्ट आली आहे. एका जुन्या देणगीदाराने कळवले आहे की छायाचित्र पाहून ह्यांना मदतीची गरज असेल असे वाटत नाही. त्यांना उत्तर लिहावयाचे आहे. दोन वेळा लिहून फाडले. टँकर ह्या आठवड्यात एकदाच आला, एवढे वाक्य मात्र दोन्ही मसुद्यांत होते.